दुसरा बाजीराव : राज्य आधीं कोठें बुडालें?

राज्यें रणांगणावर बुडतात असा सामान्य समज आहे. आमच्या मतें राज्य आधीं कचेरींत व बाजारपेठेंत बुडतें. रणांगणावर त्याचा केवळ पंचनामा होतो. याचा दाखला पाहण्यास सोलापूरकरांस दूर जावयास नको. पेशवाईच्या अखेरचे मोठे प्रसंग याच जिल्ह्यांत घडले, आणि त्या काळचा सत्ताधीश दुसरा बाजीराव होता.

रघुनाथराव व आनंदीबाई यांचा हा पुत्र १७७५ सालीं धार येथें जन्मला. पित्याच्या कारस्थानांचें फळ म्हणून त्याचें तारुण्य नजरकैदेंत गेलें. १७९६ सालीं तो पेशवा झाला. गोड वाणी व तरतरीत बुद्धि त्याच्यापाशीं होती. नव्हता तो दिल्या वचनाचा भरंवसा. गादीच्या खटपटींत दौलतराव शिंद्यांस कबूल केलेली रक्कम देतां येईना, तेव्हां १७९८ सालीं सर्जेराव घाटग्यास पुण्यांत वसुलीची मोकळीक मिळाली. सावकारांस व व्यापाऱ्यांस धरून, मारहाण करून पैसा काढण्यांत आला. ज्यानें पेठ राखावयाची त्याच्याच संमतीनें पेठ लुटली गेली! पेशवाईची पत तेव्हांच बुडाली असें आम्ही समजतों.

१८०० सालीं नाना फडणवीस वारले व उरलासुरला धाक गेला. विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिल्याचें उट्टें यशवंतरावानें १८०२ सालीं पुणें जिंकून काढलें. बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर रोजीं तह करून परक्या फौजेच्या आश्रयानें परतला. ज्यास रयतेच्या बळाची गरज उरली नाहीं, त्यास रयतेच्या सुखाची चाड कशास राहील? १८०३-०४ च्या दुष्काळानें देश पोळला असतांही मामलती मक्त्यानें, जास्त बोली करील त्यास, मिळूं लागल्या. उद्यां कोणी अधिक बोली केली तर जागा जाणार, म्हणून मक्तेदार आजच गांव पिळून घेई. न्यायही त्याच्याच हातीं. म्हणजे फिर्याद ज्याच्यावर, निवाडा करणारा तोच! इकडे खासगी खजिना भरत होता, तिकडे जुने सरदार जहागिरीच्या चिंतेनें धन्यापासून दुरावत होते.

जुलै १८१५ मध्यें गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा प्रत्यक्ष पंढरपुरांत खून झाला. संशय पेशव्यांचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याजवर आला. सरकारनें स्वतः निःपक्ष चौकशी केली नाहीं, आणि टपून बसलेल्या इंग्रजांस निमित्त मिळालें. इंग्रज न्यायासाठीं आले नव्हते, राज्यासाठीं आले होते. पण दार आंतून उघडें होतें. नोव्हेंबर १८१७ मध्यें खडकीची लढाई झाली. फेब्रुवारी १८१८ मध्यें आपल्या जिल्ह्यांतील आष्टी येथें बापू गोखले लढतां लढतां पडले. पेशवा निसटला व छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं लागले. मे महिन्यांत सोलापूरचा किल्ला गेला, जूनमध्यें बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला. पुढें सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तीं राहून तो १८५१ सालीं वारला.

बापू गोखल्यांचें शौर्य खोटें नव्हतें. पण मक्त्यानें विकलेलें राज्य तलवारीनें परत विकत घेतां येत नाहीं. आज राज्य लोकांचें आहे, म्हणून दोषही लोकांच्याच माथीं येईल. जेथें जागा पैशानें मिळते तेथें ती पैसा काढण्यासाठींच वापरली जाते. तेव्हां ज्या व्यापाऱ्यास कचेरींत चार रुपये देऊन काम उरकणें सोयीचें वाटतें, त्यानें १७९८ सालच्या पुण्यांतील सावकारांचें स्मरण ठेवावें. दुबळ्या कारभाराची पहिली झळ त्याच्याच दुकानास लागते.