पुनरुत्थानाची वार्ता मराठींत गाणारे फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाचें मंदिर उभारलें, ज्यांनीं आपल्या घासांतला घास काढून त्याला हातभार लावला, त्या सर्वांचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करीत आहों. परंतु दगड, चुना व लांकूड यांच्या मंदिराबरोबर शब्दांचेंही एक मंदिर असतें. दर रविवारीं मिस्साच्या वेळीं आपण आपल्या मायबोलींत विश्वासांगीकार करतों. प्रभु येशू मरण पावला, पुरला गेला व तिसऱ्या दिवशीं उठला असें एका मुखानें म्हणतों. हे शब्द ओठांवर इतके रुळले आहेत कीं, ते आपल्या भाषेंत उतरविण्यासाठीं कोणीं किती कष्ट सोसले असतील, याचा विचारही आपल्या मनांत येत नाहीं. म्हणूनच ज्या महापुरुषानें चारशें वर्षांपूर्वीं प्रभूच्या पुनरुत्थानाची कथा मराठी ओवींत गाइली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें अल्प चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, बुश्टन या गांवीं, १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते व घरची स्थिति चांगली होती. परंतु काळ मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत कॅथोलिक धर्म पाळणें हा त्या देशांत अपराध ठरूं लागला होता. मिस्सा ऐकावयाची ती चोरून, आणि धर्मगुरूला आसरा द्यावयाचा तो जिवावर उदार होऊन. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाउंड यांनीं त्यांच्याबरोबर रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचें ठरविलें होतें. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले व पुढें आयुष्याचीं बहुतेक वर्षें त्यांनीं तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले आणि १५७५ सालच्या आक्टोबर महिन्यांत येशूसंघांत दाखल झाले.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मनुष्याच्या श्रद्धेवर राजाज्ञा चालविली म्हणजे काय होतें, हें स्टीफन्स यांनीं आपल्या जन्मभूमींत डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें ज्या भूमींत ते आले, तेथेंही तोच प्रश्न निराळ्या रूपानें त्यांच्यासमोर उभा राहणार होता.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजें हिंदुस्थानाकडे निघालीं. त्यांतील एकावर स्टीफन्स होते. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे अर्धें मरणच. विषुववृत्तापाशीं वारा पडून जहाजें दिवसच्या दिवस खोळंबत. हिरड्या सुजून व अंग फुगून माणसें दगावत. आफ्रिकेचें टोंक वळतांना वादळें गांठीत. सहा महिन्यांहून अधिक काळ हे सर्व हाल सोसून २४ आक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्यांनीं आपल्या वडिलांना या प्रवासाचें सविस्तर वर्णन लिहून धाडलें. हें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें व हिंदुस्थानाविषयीं इंग्रजांचें कुतूहल वाढविण्यास तें कारणीभूत झालें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचें नांव घेतात. परंतु ते व्यापारासाठीं आले नव्हते, कीं राज्यासाठींही नव्हते. पुढें १५८३ सालच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे चार इंग्रज कैदी होऊन गोव्यास आणले गेले, तेव्हां त्यांना जामिनावर सोडविण्यासाठीं खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. स्वदेशांत त्यांच्या धर्मबांधवांचा छळ चालू असतां परदेशांत देशबांधवांना त्यांनीं हात दिला.

गुरुदीक्षा घेतल्यावर त्यांची नेमणूक गोव्यांतील सासष्टी प्रांतांत झाली, आणि जवळजवळ चाळीस वर्षें तेथेंच त्यांनीं देह झिजविला. कांहीं काळ मडगांवच्या विद्यालयाचे ते प्रमुख होते. सासष्टींत पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनीं लोकांची बोली शिकण्यास आरंभ केला. १५८३ सालीं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांच्या घडणीशीं मिळतीजुळती आहे असें त्यांनीं नमूद करून ठेविलें. ही गोष्ट युरोपांतील पंडितांच्या ध्यानांत नीटपणें येण्यास पुढें दोनशें वर्षें लागलीं. ज्या भाषेला इतर परकी लोक रानटी समजत, तिच्यांत त्यांना ग्रीक व लॅटिनची थोरवी दिसली.

परंतु सासष्टीची भूमि त्या वेळीं शांत नव्हती. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवळें पाडलीं होतीं, आणि त्या जखमा ओल्या होत्या. १५८३ च्या जुलै महिन्यांत, अकबर बादशहाच्या दरबारांतून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी चर्चसाठीं जागा पाहण्यास कुंकळ्ळी गांवीं गेले. क्षुब्ध गांवकऱ्यांनीं त्यांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं ख्रिस्ती जनांस ठार मारिलें व प्रेतें विहिरींत टाकिलीं. तीं प्रेतें मिळवून ख्रिस्ती विधीनें त्यांना मूठमाती देण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्यास आलें. या पांच रक्तसाक्षींना १८९३ सालीं पोप तेराव्या लिओ यांनीं धन्य घोषित केलें. पण कथा तेथें संपत नाहीं. सरकारनें सूड उगविला. गांवच्या पुढाऱ्यांस वाटाघाटीच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांची कत्तल केली. ही दुसरी बाजूही आम्ही येथें लपवीत नाहीं. कारण सत्य लपविल्यानें धर्माची शोभा वाढत नाहीं.

जे सहकारी काल आपल्याबरोबर जेवले, त्यांचीं छिन्नविच्छिन्न शरीरें हातांनीं उचलतांना स्टीफन्स यांच्या मनाला काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी. देहाच्या पुनरुत्थानावरील विश्वासाची कसोटी ग्रंथांत लागत नाहीं. ती उघड्या खड्ड्याच्या कांठावर लागते. त्या प्रसंगानंतर एखादा मनुष्य त्या लोकांना कायमचा पाठमोरा झाला असता. स्टीफन्स यांनीं तसें केलें नाहीं. पुढचीं छत्तीस वर्षें ते त्याच सासष्टींत राहिले, आणि शस्त्राला जें कधींच साधणार नव्हतें, तें शब्दानें साधण्याच्या उद्योगास लागले.

त्या उद्योगाचें फळ म्हणजे त्यांचें ख्रिस्तपुराण. तें कसें जन्मास आलें, हें त्यांनींच ग्रंथाच्या आरंभीं सांगितलें आहे. नवीन ख्रिस्ती झालेले लोक चर्चमध्यें धर्मशिक्षणासाठीं जमत असत. एकदां त्यांतील एका ब्राह्मणानें पाद्रींना विचारिलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं आम्हांला वाचूं देत नाहीं. मग त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण आम्हांला कां देत नाहीं? हा प्रश्न साधा वाटला तरी त्यांत एक खोल वेदना होती. ज्या समाजाचीं सायंकाळें कथाकीर्तनांत जात, त्याच्या तोंडचे शब्द काढून घेऊन त्याला मुकें ठेविलें होतें. दुसरा एखादा अधिकारी असता, तर त्यानें हा प्रश्न उद्धटपणाचा मानिला असता. स्टीफन्स यांनीं तो न्याय्य मानिला आणि त्याचें उत्तर सुमारें अकरा हजार ओव्यांनीं दिलें.

या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, आदिमातापित्यांचें पतन, कुलपति, राजे व संदेष्टे यांच्या कथा येतात. दुसऱ्या पुराणांत प्रभु येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांचें वर्णन आहे. ही मांडणीच मोठी बोधप्रद आहे. ज्यांनीं पुनर्जन्माची कल्पना आईच्या दुधाबरोबर घेतली, त्यांना पुनरुत्थान म्हणजे काय, हें एका दमांत सांगून समजणारें नव्हतें. पुनर्जन्मांत जीव जुना देह टाकून नवा देह धारण करतो, आणि ही फेरी चालूच राहते. पुनरुत्थानांत तोच प्रभु, त्याच देहानें, हातापायांवरील खिळ्यांच्या खुणांसह, परंतु पुन्हा कधींही न मरण्यासाठीं उठतो. मग्दालिया त्याला ओळखते ती त्यानें तिच्या नांवानें हांक मारल्यावर. अम्माऊसचे वाटसरू त्याला ओळखतात ते भाकर मोडतांना. थोमा त्याला ओळखतो तो जखमा पाहून. उठलेला प्रभु कोणी परका नव्हे. मित्रांनीं ओळखावा असाच तो आहे. मनुष्याचा देह, त्याचे अश्रू, त्याचे श्रम यांतील कांहींही देवाच्या दृष्टीनें टाकाऊ नाहीं, हें या वार्तेचें मर्म होय. म्हणून स्टीफन्स यांनीं वादविवाद मांडिला नाहीं. त्यांनीं उत्पत्तीपासून आरंभ करून कथा सांगितली. ज्यानें मातींतून मनुष्य घडविला, तोच मातींतून त्याला उठवितो, हें ऐकणाऱ्याला कथेच्या ओघांतच कळावें, अशी ही योजना आहे.

भाषेची निवडही त्यांनीं विचारपूर्वक केली. रोजच्या धर्मशिक्षणासाठीं त्यांनीं लोकांच्या घरगुती कोंकणींत प्रश्नोत्तररूप पुस्तक रचिलें. पण पुराणासाठीं त्यांनीं मराठी पत्करली, कारण भक्तीची व काव्याची भाषा म्हणून लोकांचे कान तिलाच सरावलेले होते. ओवी हा छंदही त्यांनीं त्याच परंपरेंतून घेतला. ग्रंथारंभीं त्यांनीं मराठीचें जें गुणगान केलें आहे, तें मराठी मनुष्याला अद्याप अभिमानानें मुखोद्गत असतें. स्वर्गासाठीं वैकुंठ हा येथल्या मातींत रुजलेला शब्द त्यांनीं स्वीकारिला. जेथें येथील शब्दानें अर्थाचा घोंटाळा होईल असें वाटलें, तेथें क्रूस, स्पिरिता सांतु असे आपल्या धर्मपरंपरेंतील शब्द तसेच ठेविले. कोठें जवळ जावयाचें व कोठें वेगळेपण राखावयाचें, हा विवेक त्यांच्या ठायीं पुरेपूर होता.

मुद्रणाची अडचण मात्र मोठी होती. गोव्यांत १५५६ पासून छापखाना होता, परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ सालीं स्टीफन्स यांनीं येशूसंघाच्या वरिष्ठांना पत्र लिहून ते तयार करविण्याची परवानगी मागितली. युरोपांतील लिपीला चोवीस अक्षरें पुरतात, तर येथें सुमारें सहाशें साचे करावे लागतील, हेंही त्यांनीं प्रांजळपणें कळविलें. ती इच्छा त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. १६१६ सालीं राशोल येथें ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झालें, तें रोमन लिपींत. त्यानंतर तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, सुमारें सत्तर वर्षांचे होऊन फादर स्टीफन्स गोव्याच्या भूमींतच प्रभुचरणीं लीन झाले. त्यांचें कोंकणी धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं व कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं, म्हणजे त्यांच्या पश्चात्, प्रकाश पावलें.

गहूं मातींत पडून मेल्याखेरीज पीक येत नाहीं, ही प्रभूची शिकवण या ग्रंथाच्या नशिबीं अक्षरशः आली. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या व चर्चमधून त्याचें गायन होऊं लागलें. पण १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध हुकूम काढिला, आणि हळूहळू तें गायन गोव्यांतून लोपलें. त्या पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि गोव्यांतून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपून ठेविलीं. १७८४ सालीं टिपू सुलतानानें त्यांतील हजारो लोकांना श्रीरंगपट्टणास कैदेंत नेलें, त्या दुर्दिनांत याच ओव्यांनीं त्यांना धीर दिला अशी परंपरा आहे. तेथल्याच मंगळूर शहरीं १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं हस्तलिखितें ताडून ग्रंथ पुनः छापला. पुढें लंडनमधील एका संग्रहांत देवनागरी लिपींतील हस्तलिखितही सांपडलें. १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून ख्रिस्तपुराण देवनागरींत प्रसिद्ध केलें, आणि स्टीफन्स यांची ती साडेतीन शतकांची इच्छा फलद्रूप झाली. जें पुरलें गेलें असें वाटत होतें, तें उठलें. आणि त्याला उठविण्यास ख्रिस्ती व हिंदु अशा दोघांचेही हात लागले.

वाचकहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपणांपैकीं फार थोड्यांना सातासमुद्रांपलीकडे जाऊन धर्मप्रसार करण्याचें भाग्य लाभेल, आणि अकरा हजार ओव्या रचण्याचें सामर्थ्य तर क्वचितच एखाद्यास. परंतु आपला शेजारी कोणत्या भाषेंत रडतो व कोणत्या भाषेंत हंसतो, हें जाणून त्याच भाषेंत त्याच्याशीं प्रेमानें बोलणें हें प्रत्येकाच्या हातचें आहे. श्रद्धा दडपणानें देतां येत नाहीं. ती दिव्यानें दिवा लावावा तशी लावावी लागते, आणि त्यासाठीं आपला दिवा आधीं पेटलेला असावा लागतो. आपल्या घरीं मृत्यु येतो तेव्हां आपण शेवटच्या आशेवांचून रडतों, कीं पुनरुत्थानाची आशा उरीं धरून रडतों, हें शेजारी पाहत असतात. तें पाहणें हेंच पुष्कळांच्या बाबतींत त्यांनीं वाचलेलें पहिलें शुभवर्तमान असतें.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवांत घंटा वाजतील, दिवे उजळतील, मिरवणूक निघेल. तें सर्व योग्यच आहे. परंतु त्याबरोबर घरोघरीं सायंप्रार्थनेनंतर मुलांना जवळ बसवून प्रभूच्या उत्थानाची कथा आपल्या मायबोलींत सांगण्याची जुनी रीत पुनः सुरू झाली, तर फादर स्टीफन्स यांचे श्रम आपल्या गांवींही सार्थकीं लागले असें आम्ही समजूं. ज्या प्रभूला त्यांनीं आपल्या भाषेंत गाइलें, तो उठलेला प्रभु आपल्या या धर्मग्रामावर आपल्या शांतीचा वर्षाव करो, आणि शेवटल्या दिवशीं आपणां सर्वांना, आपल्या पूर्वजांसह, आपल्या सन्निध उठवो, हीच प्रार्थना.