जिद्दी डग्लस

'जिद्द' हा शब्द तुम्हांला नवा नाही. घरी उर्दू बोलताना 'ज़िद' हा शब्द तुमच्या कानांवर नेहमी पडतो. एखादे लहान मूल खेळण्यासाठी अडून बसले, की त्याला आपण ज़िद म्हणतो. तेथे त्या शब्दाचा अर्थ हट्ट असा आहे. मराठीत मात्र 'जिद्द' हा बहुतेक वेळा कौतुकाचा शब्द आहे. हाती घेतलेले काम कितीही कठीण असले तरी ते न सोडणे, म्हणजे जिद्द. एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतात. त्या माणसाचे नाव डग्लस बाडर.

डग्लसचा जन्म २१ फेब्रुवारी १९१० रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील इंजिनिअर होते व भारतात नोकरीला होते. त्यामुळे अगदी लहानपणी डग्लसही थोडा काळ भारतात राहिला होता. पहिल्या महायुद्धात त्याचे वडील जखमी झाले. त्या जखमांमुळेच १९२२ साली त्यांचे निधन झाले. तेव्हा डग्लस बारा वर्षांचा होता.

डग्लसला खेळाची फार आवड होती. क्रिकेट आणि रग्बी हे खेळ तो उत्तम खेळे. रग्बी हा अंडाकृती चेंडूचा, धक्काबुक्कीचा खेळ आहे. १९२८ साली तो क्रॅनवेल येथील वायुसेनेच्या कॉलेजात दाखल झाला आणि १९३० साली वैमानिक अधिकारी बनला. तो विमान सफाईने चालवी. हवेत कोलांट्या घेणे, विमान उलटे करणे, अशा कसरतींत तो तरबेज होता. पण सावधपणा हा काही त्याचा गुण नव्हता.

अशा कसरती करताना त्याच्या तुकडीतील दोन वैमानिकांना प्राण गमवावे लागले होते. म्हणून २००० फुटांपेक्षा कमी उंचीवर कसरती करू नयेत, अशी ताकीद सर्वांना मिळाली होती. १४ डिसेंबर १९३१ रोजी डग्लस वुडली येथील विमानतळावर गेला होता. तेथे त्याने जमिनीच्या अगदी जवळून विमान नेले आणि ते हवेत गोल फिरवू लागला. विमानाचा पंख जमिनीला लागला. क्षणात विमानाचा चुराडा झाला.

तुम्ही म्हणाल, हे तर मोठे धाडस! पण धाडस आणि हट्ट यांत फरक आहे. येथे कोणाचा जीव वाचवायचा नव्हता, की देशाचे रक्षण करायचे नव्हते. केवळ आपण किती हुशार आहोत, हे दाखवायचे होते. या हट्टाची किंमत फार मोठी पडली. रेडिंग शहराच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याचे प्राण वाचवले. पण त्यासाठी दोन्ही पाय कापावे लागले. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला, तर डावा गुडघ्याच्या खालून. तेव्हा तो फक्त एकवीस वर्षांचा होता.

पुढील वर्षी डग्लसला कृत्रिम पाय मिळाले. ते डेसूटर नावाच्या भावांच्या कारखान्यात तयार झाले होते. या भावांपैकी मार्सेल हेही वैमानिक होते. १९१३ साली विमान अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. लाकडी पाय फार जड वाटतो, म्हणून त्यांच्या भावाने त्यांच्यासाठी हलक्या धातूचा पाय बनवला. त्यातूनच पुढे हा कारखाना उभा राहिला होता.

दोन्ही पाय गेलेल्या माणसाला काठीवाचून चालता येणार नाही, असे सर्वांना वाटत होते. डग्लसने काठी हाती धरायची नाही, असे ठरवले. तो उभा राही, पाऊल टाकी आणि कोसळे. पुन्हा उठे, पुन्हा पाऊल टाकी. जखमेच्या जागी पट्टे घासत, कातडी सोलून निघे. तरीही काही महिन्यांत तो बिनकाठीचा चालू लागला. तो मोटार चालवू लागला. इतकेच नव्हे, तर विमानही पुन्हा चालवून दाखवले. पण नियमात अशा वैमानिकाला जागा नव्हती. १९३३ साली वायुसेनेने त्याला निरोप दिला. मग तो लंडनमध्ये एका तेल कंपनीत नोकरी करू लागला. त्याच वर्षी त्याचे थेल्मा या तरुणीशी लग्न झाले.

रग्बी तर आता संपले होते. मग कोणता खेळ खेळावा? बाडर यांनी गोल्फ निवडला.

गोल्फ हा दिसायला शांत खेळ आहे. विस्तीर्ण हिरव्या मैदानावर दूर दूर अठरा छोटे खळगे असतात. लांब दांड्याने लहानसा चेंडू टोलवत एकेका खळग्यात घालायचा असतो. सर्वांत कमी टोले ज्याला लागतील, तो जिंकतो. चालायचे म्हटले तर पूर्ण खेळात सहा-सात किलोमीटर चाल होते आणि तीही उंचसखल जमिनीवर.

हा खेळ हातांचा आहे, असे आपल्याला वाटते. खरे तर तो पायांचाही आहे. दांडा मागे नेताना अंगाचा भार एका पायावर जातो. टोला मारताना तो दुसऱ्या पायावर येतो. घोटे वळतात, गुडघे वाकतात, आणि तोल आपोआप सावरला जातो. पाय कोठे टेकला आहे, जमीन चढती की उतरती, हे आपला तळपाय आपल्याला सांगतो. बाडर यांना तळपाय नव्हते, घोटे नव्हते आणि गुडघा एकच होता. त्यांनी पहिल्यांदा जोरात दांडा फिरवला आणि ते पाठीवर आपटले. उठून पुन्हा फिरवला, पुन्हा पडले. असे किती तरी वेळा झाले.

येथे त्यांनी एक शहाणपण दाखवले. नुसता जोर लावून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले. पाय कसे ठेवावेत, अंग किती फिरवावे, तोल जाऊ न देता टोला कसा मारावा, हे ते नवशिक्याप्रमाणे शिकले. आधी थोडे खळगे खेळून ते थांबत. मग नऊ खेळू लागले आणि पुढे पूर्ण अठरा. गोल्फमध्ये खेळाडूची तयारी 'हँडिकॅप' नावाच्या आकड्याने मोजतात. हा आकडा जितका लहान, तितका खेळाडू चांगला. दोन्ही पाय नसलेल्या बाडर यांचा हँडिकॅप एक आकडी झाला. धडधाकट माणसांपैकीही पुष्कळांना हे आयुष्यभर साधत नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. आता वायुसेनेला वैमानिक हवे होते. बाडर यांनी परीक्षा दिली आणि त्यांना परत घेण्यात आले. १९४० साली ब्रिटनवर जर्मन विमाने चालून आली, तेव्हा ते एका तुकडीचे प्रमुख म्हणून लढले. ९ ऑगस्ट १९४१ रोजी फ्रान्सवर त्यांचे विमान निकामी झाले. उडी मारताना त्यांचा उजवा कृत्रिम पाय विमानातच अडकला. पट्टा तुटला, म्हणून ते सुटले. पण जर्मनांच्या हाती सापडले. जर्मनांनी परवानगी दिली आणि ब्रिटिश विमानाने नवा पाय पॅराशूटने खाली टाकला. शत्रूंमध्येही अशी माणुसकी असू शकते. एप्रिल १९४५ मध्ये कोल्डिट्झच्या किल्ल्यातून त्यांची सुटका झाली.

युद्धानंतर ते पुन्हा तेल कंपनीत गेले. गोल्फ तर चालूच होता. पण आता त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. हातपाय गमावलेल्या माणसांना व मुलांना ते इस्पितळांत जाऊन भेटत. त्यांच्यासमोर चालून दाखवत. अपंगांसाठी केलेल्या या कामाबद्दल १९७६ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ५ सप्टेंबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, ज्या अडेल स्वभावाने बाडर यांचे पाय नेले, त्याच स्वभावाने त्यांना पुन्हा उभे केले. मग बदलले काय? पहिल्या वेळी त्यांनी शिकवण धुडकावली. दुसऱ्या वेळी पडत पडत ते शिकत गेले. यापुढे 'ज़िद' आणि 'जिद्द' हे दोन शब्द लिहाल, तेव्हा त्यांच्यातील हे अंतर जरूर आठवा.