आकड्यांवर यंत्र चालवणारे जॉन पार्सन्स

कारखान्यात धातू कापणाऱ्या यंत्रांना आज संगणक हुकूम देतो. या सीएनसी तंत्राची सुरुवात मात्र पूर्णपणे नव्या यंत्रापासून झाली नाही. आधीपासून वापरात असलेल्या प्रकारच्या एका मिलिंग यंत्रावर नवी नियंत्रणव्यवस्था बसवून हा प्रयोग झाला. त्यामागची कल्पना होती जॉन टी. पार्सन्स या अमेरिकी कारखानदाराची.

पार्सन्स यांचा जन्म १९१३ साली डेट्रॉईट येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षण त्यांनी घेतले नाही. वडिलांच्या कारखान्यात काम करतच ते यंत्रे शिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे त्यांनी सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी पाती बनवायला घेतली. त्यांतील एक पाते निकामी झाले, तेव्हा पात्यावर पडणारा ताण नीट समजून घेतल्याशिवाय हे काम पुढे नेता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा पात्याने दगा दिला, तर वैमानिकाच्या जिवाशीच गाठ!

पात्याचा वक्राकार साचा तेव्हा मोजक्या १७ बिंदूंवरून आखत. मधली रेघ कारागीर नजरेने आणि वक्रपट्टीने पूर्ण करी. त्यामुळे दोन साचे तंतोतंत सारखे निघण्याची खात्री नसे. १९४६ साली पार्सन्स यांनी फ्रँक स्टुलेन या अभियंत्याला सोबत घेतले. हिशेबनिसांच्या कामाची, छिद्रित कार्डांवर चालणारी आयबीएमची गणकयंत्रे स्टुलेन यांनी पात्याच्या गणितासाठी वापरली आणि १७ ऐवजी २०० बिंदू काढून दिले.

आता प्रश्न होता तो हे बिंदू यंत्राला सांगायचे कसे, हा. सुरुवातीला एक माणूस तक्त्यावरून आकडे वाचे आणि दोघे कामगार यंत्राची दोन हँडले त्या त्या आकड्यापर्यंत फिरवत. काम अचूक होई, पण वेळखाऊ होते. मग हे आकडे कार्डांवरून थेट यंत्रालाच का देऊ नयेत, असा विचार पार्सन्स यांच्या मनात आला. जेट विमानांच्या पंखांचे अवघड आकार कापण्याची अडचण अमेरिकी हवाई दलापुढे होतीच. १९४९ साली दलाने त्यांना कंत्राट दिले.

हँडलावरचा हात काढून तिथे मोटार बसवली, एवढ्याने भागणार नव्हते. टेबल खरोखर किती सरकले, हे कळणेही आवश्यक होते. यासाठी पार्सन्स मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेले. सर्वो यंत्रणा हुकमाची जागा आणि प्रत्यक्षातली जागा सतत ताडून पाहते. दोन्हींत फरक असेपर्यंत मोटार फिरत राहते. फरक शून्य झाला की ती थांबते.

प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल हे मिलिंग यंत्र घेतले. त्याच्या तिन्ही दिशांच्या हालचालींना सर्वो जोडले. छिद्रांच्या फितीवरून हुकूम येई आणि प्रत्येक विद्युत स्पंदाला कटर ०.०००५ इंच सरके. नियंत्रणासाठी अडीचशेहून अधिक निर्वात नलिका लागल्या. त्या ठेवायला शीतकपाटाएवढी पाच कपाटे लागली! सप्टेंबर १९५२ मध्ये या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पार्सन्स यांना एकेका बिंदूवर कापून उरलेले उंचवटे हाताने कानशीने घासायचे होते. एमआयटीच्या अभियंत्यांनी मात्र दोन बिंदूंमधला मार्गही यंत्राकडून अखंड कापून घेतला.

दरम्यान हवाई दलाचे काम थेट एमआयटीकडे गेले होते आणि पार्सन्स बाजूला पडले होते. पण मे १९५२ मध्येच त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता. १९५८ साली ते पेटंट त्यांना मिळाले. १९८५ साली पार्सन्स आणि स्टुलेन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक संयुक्तपणे देण्यात आले. पदवी नसलेल्या पार्सन्स यांना मिशिगन विद्यापीठाने पुढे मानद डॉक्टरेट दिली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

पाच कपाटांचे काम पुढे संगणकाच्या छोट्या चकत्यांकडे आले. पार्सन्स यांच्या पात्यांसाठी सुरू झालेले हे तंत्र आज खुब्याचे आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे घडवतानाही वापरले जाते. जुन्या यंत्राच्या नूतनीकरणाचा मार्गही तोच राहिला आहे. बिडाचा भक्कम सांगाडा तसाच ठेवतात. झिजलेल्या मार्गिका घासून सरळ करतात. स्क्रू आणि नट यांच्यातला ढिलेपणा घालवण्यासाठी गोळ्यांवर फिरणारे बॉल स्क्रू बसवतात आणि सोबत सर्वोमोटार व जागा मोजणारा एन्कोडर जोडतात. सांगाडाच वाकलेला असेल किंवा मार्गिका झिजलेल्याच ठेवल्या, तर कितीही महागडा संगणक जोडला तरी काम वाकडेच होते.