प्राचार्य बाबासाहेब



आपल्यापैकी काही घरांत सध्या मुलांचे कॉलेजचे अर्ज भरणे चालू असेल. बॉथेलचा वॉशिंग्टन विद्यापीठाचा कॅम्पस आपल्याला परका नाही. या राज्यात सरकारी विद्यापीठांना वंशाच्या आधारे प्रवेशात प्राधान्य देण्यास १९९८ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील वंशाधारित प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी समावेशनाची कार्यालये बंद केली किंवा त्यांची नावे बदलली. नियम बदलले की कॉलेज चालवणाऱ्याच्या हाती काय उरते, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. त्यासाठी बाबासाहेबांच्या आयुष्याची एक बाजू पाहू. घटनाकार म्हणून आपण त्यांना रोज आठवतो. पण ते प्राध्यापक होते, प्राचार्य होते आणि त्यांनी स्वतः कॉलेजे उभारली, याकडे आपले लक्ष कमी जाते.

प्रवेश मिळणे आणि सामावून घेतले जाणे यांतला फरक त्यांना लहानपणीच कळला. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव पटावर होते, पण बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. पुढे संस्कृत शिकायची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदव्या होत्या, नेमणूकही होती, तरी माठ वेगळाच राहिला.

म्हणून त्यांनी शिक्षणाचे काम हाती घेतले तेव्हा विद्यार्थी वर्गाबाहेर कसा जगतो, हे आधी पाहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. गावातून आलेल्या मुलाला शहरात कोणी खोली देत नसेल, तर शाळेतल्या जागेचा त्याला काय उपयोग? १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून शिष्यवृत्त्यांची तरतूद करवून घेतली.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पक्की इमारत नव्हती, लष्कराच्या जुन्या बराकींत वर्ग भरत. तुम्ही त्याचे वेळापत्रक पाहा: वर्ग सकाळी घेतले जात, म्हणजे कारकुनी करणाऱ्या मुलाला तास संपवून कचेरी गाठता येई. ज्याचा पगार घरी लागतो, त्याच्यासाठी कॉलेजच्या वेळा हाच खरा प्रवेशाचा नियम असतो. हे कॉलेज सर्व जातिधर्मांना खुले होते. पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर यांना नेमले. ज्यांना स्वतःला संस्कृत नाकारले गेले, त्यांनी ती निवड केवळ विद्वत्ता पाहून केली.

१९५० मध्ये ते औरंगाबादकडे वळले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात पदवीच्या शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती. तिथे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेले कॉलेज उभे राहिले. त्याच्या बांधकामात आणि झाडे लावण्यातही त्यांनी जातीने लक्ष घातले. कॉलेजला त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले आणि परिसराला उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे, म्हणजे नागसेनवन. विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावे आणि गुरूने न रागावता सांगावे, ही अपेक्षा त्या दोन नावांतच आली.

१९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत मात्र त्यांनी खंत बोलून दाखवली. शिकून वर गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याचे दुःख त्यांना होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ती खंत आपल्यालाही लागू होते. आपल्यातले कितीतरी जण शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या आधाराने शिकून इथवर आले. प्रवेशाचे कायदे न्यायालय ठरवील. पण वर्गाच्या वेळा, राहायची सोय, नेमलेला शिक्षक, विचारायची मुभा हे कॉलेज चालवणाऱ्याच्या हाती तेव्हाही होते आणि आजही आहे. तुमच्या मुलासोबत कॅम्पस पाहायला जाल, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा की नोकरी करून शिकणाऱ्याची इथे काय सोय आहे, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्याला कोण भेटते. आणि ज्याच्या घरी अर्ज समजावून सांगणारे कोणी नाही, अशा एका मुलासाठी या हंगामात एक संध्याकाळ काढा. ते मूल आपल्या समाजाचे असो वा नसो.

जयभीम.