टाकळीचे शंख आणि सीताबर्डीचा काळा कातळ

नवी मुंबईत पारसिकच्या डोंगरात किंवा खारघरच्या टेकड्यांवर जो काळा कातळ दिसतो, त्याच जातीचा कातळ पूर्वेकडे सुमारे ७०० किलोमीटरवर, नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवरही आहे. हा बेसॉल्ट. तो लाव्हारस थिजून बनला, हे १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांनी मान्य केले होते. मात्र हा लाव्हा एका दमात ओतला गेला की थांबत थांबत, यावर एकमत नव्हते. हा वाद मिटवायला जो पुरावा उपयोगी पडला, त्याचा मोठा वाटा नागपुरात शाळा चालवणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केला होता.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. पेशाने ते भूवैज्ञानिक नव्हते, पण दगड आणि वनस्पती पाहत फिरण्याची त्यांना आवड होती. त्यासाठी नागपूरसारखी जागा शोधून सापडली नसती. शहराच्या पश्चिमेला लाव्हाचा अग्निजन्य खडक, उत्तरेला कामठीकडे गाळ साचून झालेला वालुकाश्म आणि कोराडीच्या परिसरात उष्णता व दाबामुळे चुनखडीचे रूप पालटून झालेला संगमरवर. खडकांचे तिन्ही मुख्य प्रकार एका दिवसाच्या रपेटीत पाहता येत.

१८५१ च्या सुमारास शहराजवळच्या टाकळी येथे हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना जीवाश्म सापडले. वर बेसॉल्ट, खाली बेसॉल्ट आणि मधल्या गाळाच्या पातळ थरात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष. लाव्हाच्या धगीत असे जीव तगणे शक्य नाही. म्हणजे त्या जागी केव्हातरी तळे होते, काठाला झाडी होती. सीताबर्डीच्या टेकडीतही त्यांना असाच थर दिसला.

दोघांनी नमुने लंडनच्या तज्ज्ञांकडे पाठवायला सुरुवात केली. नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन त्या काळचे नामांकित शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले. सिलेवाड्याच्या वालुकाश्मातील पानांचे ठसे चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासले. या ठशांमध्ये दगडी कोळशाच्या काळातील ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती होती, म्हणजे तो खडक लाव्हापेक्षा कितीतरी जुना होता.

खनिजांकडेही हिस्लॉप यांचे लक्ष होते. थिजणाऱ्या लाव्हात वाफेचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून गारगोट्या, झिओलाइट आणि कॅल्साइट जमा होतात. नागपूरकडच्या एका हिरव्या खनिजाला सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये हिस्लॉप यांच्या नावावरून हिस्लोपाइट असे नाव दिले. पुढे कळले की ते स्वतंत्र खनिज नव्हे. ते साधे कॅल्साइटच असून हिरवेपणा त्यात मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाचा आहे. खनिज ओळखताना रंगावर विसंबता येत नाही, ते यासाठीच. कॅल्साइटवर चाकूने ओरखडा उठतो आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकताच ते फसफसते. गारगोटीच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही.

खडकांच्या क्रमाबाबत हिस्लॉप यांचा स्वतःचा अंदाजही चुकला. तळ्याच्या गाळाखालचा बेसॉल्ट नंतर खालून घुसला असावा, असे त्यांना वाटत होते. तसे असते तर गाळाचा खालचा भाग भाजला गेला असता. भाजल्याच्या खुणा गाळाच्या वरच्या अंगाला असतील, तर खालचा लाव्हा आधीच थंड झाला होता, त्यावर तळे झाले आणि मग वरचा लाव्हा आला, असा अर्थ निघतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात हे थर एकामागून एक वाहत आलेल्या लाव्हाचे असल्याचे दाखवले. जीवाश्मांवरून हिस्लॉप यांनी ठरवलेला काळही आज मान्य नाही. हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्यांच्या समजापेक्षा जुने ठरले आहेत.

अनुमाने अशी बदलली, तरी त्यांचे नमुने बाद झाले नाहीत. कोणता शंख कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात आणि कोणत्या खडकाच्या वर किंवा खाली सापडला, याची नोंद हिस्लॉप यांनी ठेवली होती. त्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना त्यांची चूक दुरुस्त करता आली. ठिकाण न लिहिलेला सुंदर दगड कपाटाची शोभा वाढवतो, खडकाचा इतिहास मात्र सांगू शकत नाही.

सप्टेंबर १८६३ मध्ये प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले. ४ सप्टेंबरला ते मागे राहिले आणि एकटे परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. गोंड आणि इतर आदिवासींविषयीच्या त्यांच्या टिपणांचे काम अर्धवट राहिले होते. टेंपल यांनी ती टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपुरात १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. सह्याद्री आणि दख्खनचे पठार थरावर थर चढत कसे घडले, हे समजून घेताना टाकळीच्या शंखांचा दाखला भूवैज्ञानिक आजही देतात.