लाटांचा राजदूत

उसळत्या लाटेवर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे आणि किनारा गाठायचा, ही हवाई बेटांवरील राजापासून रयतेपर्यंत साऱ्यांची शतकानुशतकांची कला. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी तेथील मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटली; त्यातच मिशनऱ्यांची नापसंती. सर्फिंग जवळजवळ विस्मृतीत गेले. त्याला जगभर नेण्याचे मोठे श्रेय ड्यूक कहानामोकू यांचे.

२४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत जन्मलेल्या ड्यूक यांच्या बालपणीच हवाईची राजसत्ता उलथविण्यात आली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन झाली. वायकिकीचा समुद्र हीच त्यांची खरी शाळा. १९११ मध्ये होनोलुलू बंदरात त्यांनी १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत पोहून विश्वविक्रम तब्बल ४.६ सेकंदांनी मोडला. अमेरिकेच्या क्रीडा संघटनेने मात्र या वेळेवर विश्वासच ठेवला नाही. त्याचे उत्तर ड्यूक यांनी पुढल्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून दिले. १९२० मध्ये अँटवर्पला त्यांनी आणखी दोन सुवर्णपदके पटकावली.

जलतरणासाठी जेथे जेथे निमंत्रण आले, तेथे लाटांचा खेळही त्यांच्यासोबत गेला. १९१४-१५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी लाकडातून स्वतः फळी घडविली आणि प्रात्यक्षिके दाखविली. तेथे या खेळाचे वेड रुजले ते तेव्हापासून.

या फळीचे खरे मोल १४ जून १९२५ रोजी कळले. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्टजवळ खवळलेल्या समुद्रात एक बोट उलटली. ड्यूक यांनी सर्फबोर्ड घेऊन पुनःपुन्हा लाटांत झेप घेतली आणि आठ जणांना वाचविले. सतरा जण मात्र बुडाले. त्यानंतर किनाऱ्यावरील जीवरक्षकांच्या साधनांत सर्फबोर्डला स्थान मिळू लागले.

कीर्ती मिळाली, तरी पैसा फारसा मिळाला नाही. हॉलिवूडमध्ये छोट्या भूमिका, पुढे पेट्रोल पंप असे करीत त्यांनी चरितार्थ चालविला. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि पाव शतकाहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

२२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वायकिकीच्याच समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले. टोकियोच्या त्या स्पर्धेत महिलांचे पहिले सुवर्णपदक जिंकले होनोलुलूच्याच कॅरिसा मूर यांनी.