गिरणगावाचे शाहीर

अण्णाभाऊ साठे शाळेत अवघे दीड दिवस टिकले. आम्ही स्वतः एके काळी मास्तरकी केली आहे. हा दोष विद्यार्थ्याचा होता असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेले अण्णाभाऊ वडिलांसमवेत पायी मुंबईस आले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात देवाच्या जागी मायभूमी व श्रमिक आले आणि गावागावांतून आलेले, जातीपातींत विभागलेले कामगार एका डफाभोवती बसू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यास हा श्रोतृवर्ग आयताच लाभला. अण्णाभाऊंचे लेखन मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच होत राहिले, आणि १८ जुलै १९६९ रोजी दारिद्र्यातच त्यांचा अंत झाला.